चौदा नंबरचं रक्त

पवनार,
११ नोव्हेंबर

आकांक्षा,

वर 'प्रिय' लिहिलं होतं, मग नवा कागद घेतला. म्हटलं, तू वाचून म्हणशील, एवढी प्रिय होती तर असं केलं कशाला.

तू मला फोनवर ब्लॉक केलंस. आईच्या फोनवरून लावला तर माझा आवाज ऐकताच कट केलास. म्हणून हा कागद. दहावीच्या परीक्षेनंतर पहिल्यांदाच पत्र लिहितोय, भाषा निबंधासारखी झाली तर हसू नकोस. आणि कांताआत्या, पाकीट तूच आधी फोडणार हे मला ठाऊक आहे. वाच, पण वाचून झालं की पोरीच्या हातात दे.

तू अल्लीपूरला निघून गेलीस त्याला आज आठ दिवस झाले. बाबा सगळ्यांना सांगतात, "पोट्टी आत्याकडं कापूस येचाले गेली." निवड चाचणीच्या यादीतून तुझं नाव निघालं हे ते कोणाला सांगत नाहीत. भाजीबाजारात कोणी तुझ्या वजनं उचलण्याचा विषय काढला की ते वांग्यांवर पाणी मारायला लागतात.

पहिली गोष्ट, मी काही चूक केलेली नाही. हे शांतपणे वाच.

माझ्या पीएचडीसाठी मी चोवीस खेळाडूंचं रक्त घेतो हे तुला माहीत आहे, त्यातली चौदा नंबर तूच. वजनाचा व्यायाम करण्याआधी एकदा, लगेच नंतर एकदा, मग अर्ध्या तासाने आणि तासाने. त्या रक्तातली संप्रेरकं कशी वरखाली होतात ते पाहायचं, एवढंच माझं काम. ऑगस्टमध्ये तुझं टेस्टोस्टेरॉन अठ्ठावीस होतं, तुझ्या वयाच्या मुलीचं असावं तसं. आठ आठवड्यांनी, ऑक्टोबरमध्ये, ते चारशे दहा निघालं. तुमच्या तालमीतल्या शुभमच्या बरोबरीचं! आणि मेंदूकडून 'तयार करा' असा निरोप नेणारं जे दुसरं संप्रेरक, ते जवळजवळ शून्य. माणूस बाहेरून टोचून घेतो तेव्हा मेंदू निरोप पाठवणं बंद करतो, आणि नेमका असाच तक्ता दिसतो. मी काय समजायचं?

मी तुलाच आधी विचारलं. तू अंगणात मेथीच्या जुड्या बांधत होतीस. "मी काई नाई घेत, दादा," तू म्हणालीस. मी परत विचारलं. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा तू जुडी माझ्या अंगावर फेकलीस. कर नाही त्याला डर कशाला, मग एवढा राग कशाचा, असं मला वाटलं.

तालमीत जाऊन तुमच्या रूपराव सरांना मी फक्त "लक्ष ठेवा" म्हटलं. कागद दाखवला, कारण त्यांनी मागितला. "नाव काढा" असं मी म्हटलं नव्हतं. उद्या एखाद्या स्पर्धेत तपासणी झाली असती तर चार वर्षांची बंदी आणि पेपरात फोटो. मोठा भाऊ म्हणून मी बघत बसायचं होतं का?

तुझं स्वेटर इथेच राहिलं. थंडी पडायला लागली आहे. पाठवू का?

दादा


पवनार,
१९ नोव्हेंबर

आकांक्षा,

उत्तर आलं नाही. येईल असं वाटलंही नव्हतं, तरी पोस्टमन दिसला की मी उठून उभा राहतो.

मागच्या पत्रात मी काही चूक केली नाही असं लिहिलं होतं. ते वाक्य जरा बदलावं लागेल.

तुझा निकाल मी मॅडमना दाखवला. माझ्या पीएचडीच्या मार्गदर्शकच त्या, वाटलं शाबासकी मिळेल. वर हेही सांगितलं की प्रशिक्षकांना सावध केलं आहे. मॅडमनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "गोपाल, सही घेताना फॉर्मवर काय वाचून दाखवलं होतंस तिला? की निकाल कोणालाही कळणार नाही. आणि तू तो तालमीत नेऊन दाखवलास?"

मी म्हटलं, "मॅडम, ती माझी सख्खी बहीण आहे."

"मग तिला अभ्यासात घेतलंच कशाला?" त्या म्हणाल्या. खरं कारण सांगायचं तर मुली मिळत नव्हत्या, आणि तू कधी नाही म्हणत नाहीस. मॅडमनी त्याच दिवशी नीतिसमितीला कळवलं. समिती ठरवेपर्यंत मला कोणाचंही रक्त घ्यायचं नाही. तीन वर्षांचं काम तसंच पडून आहे, आणि मी रोज बसने वर्ध्याला जाऊन खुर्ची उबवून परत येतो.

हे झालं एक. दुसरं म्हणजे मला ते आकडेच कळेनासे झाले आहेत. तुझं कॉर्टिसॉलही चढलेलं आहे. ते का चढावं? आणि बाहेरून टोचलेलं असतं तर चारही नळ्यांत साधारण सारखं दिसलं असतं. तुझं पहिल्या नळीत सगळ्यात जास्त आणि पुढे उतरतच गेलेलं. व्यायामाने जे वाढायला हवं ते उतरतं कसं? मी हा तक्ता सरळ वाचला, उलटा वाचला, शेवटी भिंतीवर चिकटवला. आई म्हणते, "त्याच्याकडं पाहून पाहून डोळे फोडून घेशीन."

एक कबूल करतो. मी तुझी खोली तपासली. गादीखाली, ट्रॅकसूटच्या खिशात, तांदळाच्या डब्यातसुद्धा हात घातला. सापडलं काय? कमरेचा तुटका पट्टा, चार मेडलं आणि माझा मागच्या वर्षी हरवलेला चार्जर. आई दारात उभी होती.

"काय शोधून राह्यला रे?"

"काई नाई."

तिने माझ्याकडे असं पाहिलं की मला तो डबा परत नीट बंद करता येईना.

माझ्या टेबलावरची एक बाटलीही लवकर संपत आली आहे, पण ती गोष्ट वेगळी, तिचा इथे संबंध नाही.

तू काही घेतलं असशील तर मला सांग. नसशील तर हे काय आहे तेही तूच सांग. मला खरंच काही सुचत नाही.

दादा


पवनार,
२८ नोव्हेंबर

आकांक्षा,

आता जे लिहितो ते वाचून तू हसशील की कागद चुलीत घालशील, मला सांगता येत नाही. आत्या, तू मात्र हसू नकोस.

प्रयोगशाळेत उज्वलाताई म्हणून आहेत, रक्त तपासायचं मशीन त्याच चालवतात. मंगळवारी मी तुझा तक्ता घेऊन बसलो होतो. नाव झाकलेलं, नुसता चौदा नंबर. ताई मागून चहा घेऊन आल्या, उभ्या उभ्या पाहिलं आणि विचारलं, "सर, या पोरीचे केस गळतात का?"

माझा हात आपोआप माझ्याच डोक्यावर गेला.

ताईंनी समजावून सांगितलं. केसांच्या गोळ्यांमध्ये बायोटिन नावाचं जीवनसत्त्व असतं, काहींमध्ये तर भरमसाट. ते रक्तात फार झालं की आमच्याकडच्या जुन्या पद्धतीच्या चाचणीला चकवा बसतो. काही संप्रेरकं नसतील तितकी जास्त दिसतात, काही असतील त्याहून कमी. गोळी खाऊन जसजसा वेळ जातो तसतसे आकडे आपोआप उतरतात. चाचणीच्या खोक्यात एक पत्रक येतं, त्यावर बारीक अक्षरात हे सगळं छापलेलं आहे. ते पत्रक मी तीन वर्षं खोक्यासोबत केराच्या टोपलीत टाकत आलोय.

आता माझी गोष्ट. मार्चमध्ये हिंगणघाटचे पाहुणे मला बघायला आले होते. मुलीचे मामा माझ्याकडे निरखून म्हणाले, "पोराचं कपाळ मोठं आहे, नशीबवान दिसते." तू आत जाऊन तोंडात ओढणी कोंबून हसलीस, मला ऐकू येत होतं. नंतर नकार आला. मी केसांच्या गोळ्या मागवल्या आणि बाटलीवरचं लेबल नखाने खरडून काढलं. एकतिसाव्या वर्षी पीएचडी अर्धवट, त्यात केसांसाठी गोळ्या खातो, हे कोणाला सांगणार? आईने विचारलं तेव्हा म्हटलं, "ताकदीच्या आहेत."

तेवढा एकच शब्द मी खोटा बोललो.

काल आईला विचारलं, माझ्या गोळ्या आणखी कोणी खायचं का. ती भाकरी थापत होती. हात न थांबवता म्हणाली, "आकांक्षा खाये ना. पोळ्यापासून मीच देत होती, सकाळी दुधासंगं. तुले एक पुरे, तिले दोन द्याची. ती वजन उचलते. तू काय उचलतो? पेन."

"अन् रक्त द्याच्या दिवशी? त्या दिवशी तर उपाशी याचं होतं."

"दूध नाई देलं बाप्पा, पाण्यासंगं देल्या. त्या दिवशी तीन देल्या. पोट्टीचं रगत काढणार होते ना तुम्ही!"

मी तिथेच चुलीपुढे बसलो. आईला वाटलं मला चक्कर आली, तिने मलाही एक गोळी देऊ का विचारलं.

म्हणजे तू खोटं बोलली नव्हतीस. आईने दुधाबरोबर हातावर ठेवलेलं आपण 'घेतलं' म्हणून कुठे मोजतो? तू नाही म्हणालीस ते तुझ्या लेखी खरंच होतं. म्हणजे, बहुतेक. हा 'बहुतेक' खोडायला हवा होता. पण मी ठरवलंय की मनात येईल तेच लिहायचं, आणि मनात अजून तो आहे.

यातून सुटायची एकच वाट मला दिसते. गोळ्या बंद होऊन तुला पंचवीस दिवस झाले. एकदा रक्त दे, मी नाही घेणार, बाहेरच्या लॅबमध्ये दे. आकडा तीसच्या आसपास आला की तो कागद घेऊन मी सरांकडे धावत जातो. निवड चाचणी पंधरा डिसेंबरला आहे, अजून वेळ गेलेली नाही. शनिवारी न्यायला येऊ का?

दादा


पवनार,
६ डिसेंबर

आकांक्षा,

तुझी चिठ्ठी पोचली. माझ्याच पत्राच्या मागच्या कोऱ्या बाजूवर लिहून कंडक्टरच्या हाती पाठवलीस. मी ती बसस्टँडवर उभ्यानेच वाचली. इथे उतरवून ठेवतो, म्हणजे मला ती नीट कळली का हे मलाच कळेल.

"दादा, रक्त देणार नाई. मी तीन डाव नाई म्हटलं ते तुले आयकू आलं नाई. मशीननं म्हटलं ते आयकू आलं. आता मशीन दुसरं बोलन तर तू दुसरं मानशीन. मंग माह्यं काय? आईवर चिडू नोको. स्वेटर नोको."

आधी मला राग आला. म्हटलं, अगं वेडे, तुझंच नाव परत लागावं म्हणून सांगतोय, सरळ मार्ग सोडून हट्ट कशाला? पवनारला उतरेपर्यंत तुझ्याशी मनात भांडत होतो. घरी आलो, जेवलो नाही. संध्याकाळी बाबा शेतातून आले, त्यांना चिठ्ठी वाचून दाखवली. बाबा एवढंच म्हणाले, "बराबर आहे तिचं," आणि हातपाय धुवायला गेले. माझं डोकं अजून पुरतं ठिकाणावर नाही, पण बाबांचं म्हणणं मला लागलं.

आज सकाळी सहाला तालमीत गेलो. सगळी मुलं होती. सरांना बाजूला घेऊन बोलावं असं वाटलं. मग वाटलं, तुझ्याबद्दल बोललो तेव्हा कोण ऐकतंय हे मी कुठे बघितलं होतं? टोपी काढली आणि तिथेच सांगितलं, "सर, गोळ्या माह्या होत्या. केसाच्या. घरी ताकदीच्या म्हणून सांगतलं, म्हणून आईनं तिले देल्या."

शुभम इतका हसला की हातातली वजनाची प्लेट पायावर पडता पडता वाचली. बाकीचेही हसले. सर हसले नाहीत.

"नवा रिपोर्ट आणला?"

"नाई सर. ती रक्त देत नाई."

"मंग कायच्या भरवशावर सांगून राह्यला?"

"ती म्हणते, नाई घेतलं."

"हे तर ती मलेबी म्हणे. तवा तू कागद दाखवला."

सर गळ्यातल्या शिट्टीची दोरी बोटाला गुंडाळत राहिले. मग म्हणाले, "तुह्या बोलण्यावर नाव काढलं, ते माह्यं चुकलं. एक डाव तिचं तरी आयकाले पायजे होतं. आता तुह्या बोलण्यावर टाकत नाई. तिले म्हणा, स्वतः ये अन् माह्यासमोर उभी राह्य. यादी दहा तारखेपर्यंत माह्याजवळ आहे."

हा निरोप तुला पोचवणं एवढंच माझ्याकडे उरलं आहे. 'ये' म्हणायचा हक्क मी घालवला, आणि 'येऊ नकोस' तर म्हणवत नाही. मी सरांना जे सांगितलं ते मला पटलं म्हणून सांगितलं, की तुझ्या चिठ्ठीची लाज वाटली म्हणून? बसमध्ये हाच विचार करत बसलो आणि उतरायचा थांबा पुढे निघून गेला. चालत परत आलो.

दहा तारीख मंगळवारी आहे.

दादा


पवनार,
१७ डिसेंबर

आकांक्षा,

तू पलीकडच्या खोलीत झोपली आहेस आणि मी पत्र लिहितोय, हे मलाच येड्यासारखं वाटतं. पण तोंडाने सांगायला गेलो तर मी गोड करून सांगेन. म्हणून कागदच बरा.

तू नऊ तारखेला सरांपुढे जाऊन उभी राहिलीस हे मला शुभमकडून कळलं. रविवारी नागपूरला मी आणि आई मागच्या रांगेत बसलो होतो, तुला दिसू नये म्हणून खांबाआड. तुझी दुसरी उचल फसली तेव्हा आईने माझा दंड असा धरला की अजून हिरवानिळा आहे. तिसऱ्या वेळी पंच्याऐंशी किलो तुझ्या डोक्यावर स्थिर झाले आणि मला काही दिसेना, आईला विचारावं लागलं, "धरलं का तिनं?" तीही रडत होती, तिलाही दिसत नव्हतं. शिबिराच्या यादीत तुझं नाव वाचलं तेव्हा कुठे आमची खात्री झाली.

मग तू बाहेर आलीस. आम्ही पायरीवर डबा उघडून बसलो होतो. तू माझ्या शेजारी बसलीस, बाही वर सारलीस आणि हात माझ्यापुढे धरलास.

"घे दादा. नाव लागलं माह्यं, आता मले फरक नाई पडत. तुह्या मनातलं जाऊ दे."

मी म्हणालो, "नको."

"पक्कं?"

"पक्कं."

तू माझ्याच हातातली अर्धी भाकर तोडून घेतलीस. येताना बसमध्ये माझ्या खांद्यावर डोकं टेकून झोपलीस. घरी आल्यावर फोन उघडून माझा नंबर परत सुरू केलास, मला दाखवून. तुला वाटलं, दादाने शेवटी आपला शब्द मानला. आईलाही तेच वाटतं, कालपासून ती माझ्याशी पुन्हा नीट बोलते.

आता खरं सांगतो. बॅगेत सुई होती. दोन नळ्याही होत्या. घरून निघताना मीच भरल्या होत्या. समितीने मनाई केली असताना, तू स्पष्ट 'नाही' असं लिहिलेलं असताना. 'असू दे, कधी लागल्या तर' असं स्वतःला सांगून रुमालाखाली ठेवल्या. तू हात पुढे केलास तेव्हा माझा हात बॅगेच्या चेनवर गेला होता. तू तिकडे पाहिलं नाहीस. तुझ्या कोपरापाशी शीर चांगली ठळक दिसत होती. मला आधी ती शीर दिसली, आकांक्षा. तू नंतर दिसलीस.

मग मी नको म्हणालो. ते तुझ्यावरच्या विश्वासाने म्हणालो, की आई समोर होती म्हणून, की सुई काढली तर ती आणलीच कशाला हे सांगावं लागलं असतं म्हणून, हे मला दोन दिवस झाले तरी कळलेलं नाही. तिन्ही असतील. यातलं पहिलंच होतं असं लिहिलं असतं तर तुला बरं वाटलं असतं आणि मलाही. पण एका खोट्या शब्दाने काय झालं ते आपण दोघांनी बघितलं.

काल कॉलेजात जाऊन ती सुई वापरलेल्या सुयांच्या डब्यात टाकली. तुझे आकडे मी अभ्यासातून काढले आहेत, मॅडमनी तसं लिहून घेतलं. आता तुझ्या रक्ताबद्दल माझ्याकडे एकही कागद नाही. तू नाही म्हणालीस, तेवढंच आहे. आज सकाळी उठल्यावर मी ते मनात म्हणून पाहिलं, 'ती नाही म्हणाली.' शंका आली नाही. उद्या येईल की नाही ते मला माहीत नाही. आली तर माझ्यापाशीच ठेवीन, तुझ्याकडे घेऊन येणार नाही.

तू उद्या शिबिराला निघशील. हे पत्र तुझ्या बॅगेत टाकायचं मनात होतं, म्हणजे तू लांब गेल्यावर वाचलं असतंस आणि मला तोंड दाखवावं लागलं नसतं. ते नको. तुझ्या उशाशी ठेवतोय. वाचून नंबर परत बंद करावासा वाटला तर कर.

मी अंगणात बसलोय. तू बाहेर आलीस तर मी काही विचारणार नाही.

दादा